गाडीमागच्या ट्रॉलीचे लाईट लागत नाहीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात माझं वायरिंगचं काम चालतं. ट्रॅक्टरची ट्रॉली इथे घरोघरी. पण बोलेरो, स्कॉर्पिओ किंवा पिकअपमागे छोटी ट्रॉली जोडून ठिबकच्या नळ्या, फवारणीची टाकी, मंडपाचं सामान, जनरेटर नेणारेही दुकानावर येतात. तक्रार एकच असते. जळगावकडचा म्हणतो, "भो, मागचे लाईटच लागत नाहीत." अमळनेरकडचा म्हणतो, "दादा, लाईट लागस नई." नेहमीचे प्रश्न आणि मी त्यांना देतो ती उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. सगळं १२ व्होल्टच्या गाडीसाठी आहे.

ट्रॉलीचा एकही लाईट लागत नाही. सुरुवात कुठून करू?

बल्ब काढत बसू नका. सगळे बल्ब एकाच दिवशी जात नाहीत. आधी ठरवायचं की रोग गाडीत आहे की ट्रॉलीत.

प्लग सॉकेटमधून काढा. एक चांगली १२ व्होल्टची बॅटरी घ्या. तिच्या निगेटिव्हवरून एक वायर ट्रॉलीच्या प्लगमधल्या ३ नंबरच्या पिनला द्या, ती अर्थची पिन, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायची वाट. पॉझिटिव्हवरून दुसरी वायर घ्या, तिच्यात १० अँपिअरचा फ्यूज घाला आणि तिचं टोक बाकीच्या पिनांना एकेक करून लावत जा. प्रत्येक पिनला आपापला दिवा लागला तर ट्रॉली निर्दोष, गाडीकडे वळा. दिवे लागले नाहीत किंवा भलतेच लागले, तर गाडीला हात लावायचं कारण नाही.

गाडीचं सॉकेट तपासायला टेस्ट लॅम्प घ्या. होल्डरमध्ये २१ वॅटचा बल्ब आणि दोन वायरी, एवढंच. इथे एक चूक हमखास होते. टेस्ट लॅम्पचा चिमटा लोक गाडीच्या बॉडीला किंवा बंपरच्या बोल्टला लावतात. बल्ब छान पेटतो आणि माणूस म्हणतो, सॉकेट बरोबर आहे. अहो, ट्रॉली तुमच्या बंपरवरून अर्थ घेत नाही, सॉकेटच्या ३ नंबरवरून घेते. चिमटा तिथेच लावा. बॉडीवर पेटणारा बल्ब ३ नंबरवर पेटला नाही, की रोग सापडला.

ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर दिला की टेल लाईट उघडझाप करतो. भुताटकी आहे का?

अर्थ तुटला आहे. माझ्याकडे येणाऱ्या ट्रॉल्यांत हीच तक्रार सगळ्यात जास्त, आणि हिच्यावर सगळ्यात जास्त पैसे वाया गेलेले असतात. लोक बल्ब बदलतात, होल्डर बदलतात, फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करवणारा रिले) बदलतात, मग माझ्याकडे येतात.

होतं काय ते पाहा. मागच्या लाल दिव्यात २१/५ वॅटचा बल्ब असतो. त्यात दोन तारा, ब्रेकची २१ वॅटची आणि टेलची ५ वॅटची. दोघींचा अर्थ एकच, बल्बची पितळी टोपी. तुम्ही ब्रेक दाबला, करंट २१ वॅटच्या तारेतून आला, पण बाहेर पडायला अर्थच नाही. करंट काही तिथे थांबत नाही. तो त्याच बल्बमधल्या ५ वॅटच्या तारेतून उलटा शिरतो, टेलच्या वायरीने मागे गाडीत येतो आणि गाडीच्या चांगल्या टेल लाईटमधून अर्थ गाठतो. वाटेत जेवढे दिवे लागतात तेवढे थोडे थोडे पेटतात. जुन्या गाडीत पार्किंग बंद असताना ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे बारीक दिवे उजळताना मी पाहिले आहेत. गाडीवाला म्हणत होता, मीटर खराब झालं. मीटरला काहीही झालेलं नव्हतं.

अशा वेळी एक वायर घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ट्रॉलीच्या दिव्याच्या पत्र्याला घासून लावा. दिवे शहाण्यासारखे वागू लागले तर फक्त अर्थची वाट शोधायची राहिली.

एक गोष्ट जवळून सांगतो, कारण ही चूक वर्षानुवर्षं पाहतो आहे. ट्रॉली फॅब्रिकेशनवाल्याकडून रंगवून येते. दिव्याचा अर्थ ज्या बोल्टखाली द्यायचा, तिथे रंगाचा जाड थर असतो. वायरमन लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) लावतो, वायसर घालतो, बोल्ट आवळतो. आटे घासून थोडासा कॉन्टॅक्ट मिळतो, दिवा लागतो, ट्रॉली जाते. एक पावसाळा झाला की त्या आट्यांत गंज बसतो आणि खेळ सुरू. उपाय पाच मिनिटांचा आहे. बोल्ट काढा, रुपयाच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, लग पण घासा, दातेरी वायसर घाला, आवळा, आणि मग वरून रंग किंवा ग्रीस लावा. आधी रंग आणि मग लग, असं नाही.

हुकातून अर्थ मिळतोच की. वेगळी वायर कशाला?

मिळतो, जोवर हुक कोरडा, बिनगंजाचा आणि ताणलेला आहे तोवर. हुकाला तुम्ही ग्रीस लावता, लावायलाच पाहिजे. खड्ड्यात गाडी उसळली की हुकाची पिन क्षणभर सैल होते आणि दिवे फडफडतात. शिवाय हिशोब बघा. दोन ब्रेक लाईटचे मिळून ४२ वॅट, म्हणजे साडेतीन अँपिअर. दोन टेल आणि नंबर प्लेटचा दिवा मिळून १५ वॅट, सव्वा अँपिअर. एक इंडिकेटर, पावणेदोन. म्हणजे वळणावर ब्रेक दाबला तर साडेसहा अँपिअर एकट्या अर्थमधून परत जातात. बाकीच्या वायरी आपापला वाटा उचलतात, अर्थची वायर सगळ्यांचा. म्हणून बाकीच्या १.५ चौरस मिलिमीटरच्या घेतल्या तर अर्थ २.५ चा घ्या. दुकानदार म्हणेल एकाच साइजच्या घ्या, स्वस्त पडतील. ऐकू नका.

७ पिनांच्या सॉकेटमध्ये कोणती वायर कुठे?

आयएसओ १७२४, म्हणजे या ७ पिनांच्या सॉकेटचं आंतरराष्ट्रीय मानक, त्याची रचना अशी: १ डावा इंडिकेटर, पिवळी. २ मागचा फॉग लाईट, निळी. आपल्याकडे बहुतेक रिकामीच असते. ३ अर्थ, पांढरी. ४ उजवा इंडिकेटर, हिरवी. ५ उजवा टेल आणि नंबर प्लेट, तपकिरी. ६ ब्रेक, लाल. ७ डावा टेल, काळी. ही पिन मधोमध असते. नंबर प्लास्टिकवर कोरलेले असतात, बारीक असतात, मोबाइलचा टॉर्च लावून वाचा.

आता यातली मेख. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या काळी वायर म्हणजे अर्थ, हे डोक्यात पक्कं बसलेलं आहे. तयार केबल आणली आणि सवयीने काळी वायर चासीला बोल्ट केली, तर ती ७ नंबर निघते, डाव्या टेलची. दिवसा सगळं ठीक. इंडिकेटर चालतात, ब्रेक चालतो. संध्याकाळी पार्किंग लाईट टाकला की फट्‌कन फ्यूज उडतो, आणि गाडीचेही टेल जातात. एका गिऱ्हाइकाने असे फ्यूजचं अख्खं पाकीट संपवलं होतं. इथे रंग पाहायचा नाही, नंबर पाहायचा.

परदेशातून मागवलेली ट्रॉली किंवा ऑनलाइन घेतलेली अमेरिकन ४ वायरींची केबल असेल, तर तिचा हिशोबच वेगळा. त्यात ब्रेक आणि इंडिकेटर एकाच तारेवर चालतात. आपल्या गाड्यांत पिवळा इंडिकेटर वेगळा असतो, म्हणून आपल्याला कमीत कमी ५ वायरी लागतात: अर्थ, टेल, ब्रेक, डावा, उजवा. त्या ४ वायरींच्या केबलवर जुगाड करू नका.

डावा इंडिकेटर दिला की ट्रॉलीचा उजवा लागतो.

१ आणि ४ च्या वायरी उलट्या लागल्या आहेत. जोडताना नंबर वाचा, जागेवरून अंदाज नको. समोरून पाहिलेला प्लग आणि मागून पाहिलेला प्लग आरशासारखे उलटे दिसतात. १ आणि ४ ची अदलाबदल करा. तोपर्यंत ट्रॉली रस्त्यावर काढू नका. इंडिकेटर नसलेला परवडला, उलटा इंडिकेटर माणूस मारतो.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो. मोठा टाकू का?

नाही. तार गुंडाळणं तर नाहीच. १० चा लाल फ्यूज उडतो म्हणून ३० चा हिरवा टाकला, की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ती वायर गाडीच्या गालिच्याखालून गेलेली असते.

शॉर्ट शोधायची जुन्या मिस्त्रींची रीत सांगतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडा. लाईट चालू करा. शॉर्ट असेल तर हा बल्ब झगझगीत पेटेल, पण जळणार काही नाही, कारण बल्बच करंट अडवून धरतो. आता एक जण बल्बकडे पाहत राहील आणि दुसरा मागे जाऊन वायरिंग जागोजागी हलवेल, उचलेल, ओढेल. ज्या जागी हात लागताच बल्ब मंदावला, तिथेच वायर पत्र्याला घासते आहे. बहुतेकदा ती जागा म्हणजे चासीच्या भोकातून वायर आरपार जाते ती. तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) नसतो, पत्र्याची धार सुरीसारखी काम करते. दुसरी जागा दांडीखाली, जिथे ट्रॉली टेकवताना स्टँड वायरीवर बसतो.

एका बाजूचा इंडिकेटर भराभर चालतो.

त्या बाजूचा कुठलातरी बल्ब गेला, किंवा २१ वॅटच्या जागी कमी वॅटचा बसवला. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लोड कमी झाला की वेग वाढवून सांगतो. त्या बाजूचे गाडीचे आणि ट्रॉलीचे सगळे बल्ब खाली उतरून पाहा, नुसते आरशातून नको.

बल्ब नवा टाकला तरी उजेड चिमणीसारखा.

आधी बल्बच्या टोपीवरचा आकडा वाचा. आपल्या गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात ट्रकचा माल जास्त खपतो, आणि ट्रक २४ व्होल्टचा. २४ चा बल्ब १२ व्होल्टवर लागतो, म्हणून कोणाला शंका येत नाही, फक्त लालसर मिणमिणतो. मी स्वतः एकदा तास-दीड तास वायरिंग उसकलं, लग घासले, अर्थ बदलला, आणि शेवटी बल्ब बाहेर काढून उन्हात धरला तर २४ व्होल्ट. त्या दिवसापासून बल्ब आधी.

बल्ब बरोबर असेल तर वायरीची जाडी पाहा. स्पीकरची किंवा घरातल्या डेकोरेशनची ०.५ ची वायर आठ मीटर ओढली आणि तिच्यावर दोन ब्रेक लाईट चालवले, तर वायरीतच जवळजवळ १ व्होल्ट खाल्ला जातो. तेवढ्याने बल्बचा उजेड सुमारे चौथाईने घटतो. १.५ च्या वायरीत हेच नुकसान एक तृतीयांश व्होल्ट.

आणखी एक. टेल लाईट कायम ब्रेकसारखा लख्ख आणि ब्रेक दाबल्यावर फरकच पडत नाही, असं असेल तर २१/५ चा बल्ब उलटा बसलाय. त्याच्या दोन खुंट्या वर-खाली असतात, म्हणजे तो एकाच बाजूने बसावा अशी सोय आहे. होल्डर झिजला किंवा कोणी जोर लावून फिरवला की तो उलटाही बसतो.

मल्टिमीटर बरोबर १२ दाखवतो, तरी दिवा नाही. असं कसं?

दहा तारांपैकी एकच तार शिल्लक असली तरी मल्टिमीटर १२ च दाखवेल, कारण त्याला करंट लागतच नाही. दिव्याला लागतो. म्हणून नुसते व्होल्ट मोजू नका, दिवा चालू ठेवून मोजा. सगळे लाईट लावा, मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं ट्रॉलीच्या दिव्याच्या अर्थला. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची वाट चोंदलेली आहे.

उभी असताना सगळं चालतं, रस्त्यावर निघालं की बंद.

वायर आखूड आहे, किंवा सॉकेटच्या पिना ढिल्या झाल्या आहेत. ट्रॉली जोडून मोकळ्या रानात पूर्ण डावं आणि पूर्ण उजवं वळण घेऊन पाहा. केबल ताणली जाता कामा नये आणि जमिनीला टेकता कामा नये. ढिली पितळी पिन मधोमध फटीची असते. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ती फट किंचित रुंद केली की पकड येते. किंचितच. जास्त केली तर तुटते.

एलईडी लावावेत का?

लावा, मी आता तेच सुचवतो. धक्के सोसतात, करंट कमी घेतात, वायर बारीक असली तरी चालतं. पण इंडिकेटर एलईडी केला की फ्लॅशरला वाटतं बल्ब गेला, आणि तो पळायला लागतो. एलईडीसाठीचा फ्लॅशर मिळतो, तो बरा. काही जण लोड रेझिस्टर जोडतात, म्हणजे फ्लॅशरला जुन्या बल्बएवढा करंट दाखवणारा रोधक. तो इतका तापतो की प्लास्टिकच्या दिव्याला चिकटवला तर दिवा वितळतो. तो पत्र्यावरच बसवायचा. आणि एलईडीला प्लस-मायनस असतं, साध्या बल्बला नसतं. उलटा जोडला तर नुसता गप्प बसेल.

माझी गाडी नवी आहे. टेल लाईटच्या वायरीला जोड देऊन सॉकेट काढलं तर चालेल?

इथे हात आवरा. जुन्या जीपमध्ये टेलची वायर कापून जोड दिला तरी काही बिघडत नसे. नव्या गाड्यांत लाईट कंप्युटर चालवतो. तो प्रत्येक दिव्याचा करंट मोजतो. काही गाड्यांत एकाच तारेवर चालू-बंदच्या भरभर ठोक्यांनी टेल आणि ब्रेक दोन्ही चालवतो. त्यात ट्रॉलीचे दिवे जोडले तर डॅशबोर्डवर इशारे येतात, कधी दिवा कंप्युटर बंदच करतो, आणि खर्च झालाच तर तो वायरीचा नसतो, कंप्युटरचा असतो. अशा गाडीला बायपास रिले लावायचा. तो गाडीच्या वायरीतून नुसता इशारा घेतो, ट्रॉलीच्या दिव्यांचा करंट वेगळ्या फ्यूजमधून थेट बॅटरीवरून येतो. वॉरंटी चालू असेल तर कापायच्या आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

पावसाळ्यानंतर दरवर्षी हाच त्रास. काय करू?

पाऊस एकटाच दोषी नाही. आपल्या ट्रॉलीत युरिया, डीएपी, पोटॅश जातं. गोणी फाटते, खत सांडतं, त्यावर पाणी पडतं आणि ते खारं पाणी तांब्याच्या वायरीत शिरतं. वायरीचं कव्हर सोलून पाहा, आतलं तांबं हिरवं-काळं पडलेलं दिसेल. तिथे नवा लग लावून उपयोग नाही. तांबं लाल दिसेपर्यंत मागे कापत जा. कधीकधी फूटभर जावं लागतं.

जोडाचंही तसंच. पीळ मारून वरून टेप, हे आपल्या उन्हात टिकत नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो, उभ्या ट्रॉलीचा पत्रा त्याहून तापतो, टेपचा गोंद पातळ होऊन टेप सुटतो आणि जोड उघडा. डाग द्या, म्हणजे सोल्डर करा, वर गरम करून आकसणारी स्लीव्ह चढवा, आणि सगळे जोड एकाच जागी घेऊ नका. सॉकेट नि पिना साफ करून थोडं व्हॅसलिन लावा. दिव्याच्या काचेला पाणी निघायचं भोक असतं, ते खालच्या बाजूला ठेवा. वर ठेवलं तर दिवा नाही, लोटा होतो.

उंदरांचं काय सांगू. शेडमध्ये कडब्याशेजारी ट्रॉली उभी असते, वायर कुरतडली जाते. वायरी लोखंडी पाइपातून न्या आणि पाइपाची तोंडं बुजवा.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०५ प्रमाणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून ते सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत दिवे लागलेले हवेत, आणि मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. ट्रॉलीला स्वतःचा नंबर लागतो, म्हणून नंबर प्लेटचा दिवाही आला. गाडीला हुक बसवण्याआधी आपल्या आरटीओत, म्हणजे जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला, विचारून घ्या. लाल रिफ्लेक्टर लावाच. शहादा भागात उसाच्या हंगामात रात्री रस्त्यावर उभी ट्रॉली पाहिलेल्या माणसाला याचं कारण सांगावं लागत नाही.

रात्री हायवेवर लाईट गेले तर?

धुळे-जळगाव-भुसावळ हा राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे, त्यावर अंधारी ट्रॉली ओढू नका. पेट्रोल पंपावर किंवा ढाब्याच्या आवारात घ्या. आधी फ्यूज पाहा, मग प्लग काढून पुन्हा घट्ट बसवा, मग बॅटरीच्या निगेटिव्हवरून ट्रॉलीच्या दिव्यापर्यंत जादा अर्थ देऊन पाहा. त्यासाठी दहा मीटरची २.५ ची वायर, दोन्ही टोकांना चिमटे लावून, सीटखाली ठेवा. सोबत १० आणि १५ अँपिअरचे दोन-दोन फ्यूज, २१/५ आणि २१ वॅटचे १२ व्होल्टचे बल्ब, आणि सेलवर चालणारे, चुंबकाने चिकटणारे दोन लाल दिवे. तरीही नाहीच जमलं, तर ते लाल दिवे ट्रॉलीच्या मागे चिकटवा, ट्रॉली तिथेच राहू द्या आणि सकाळी उजेडात या.